वाचक विचारतात: चॉकलेटचा मोदक बाप्पाला चालतो का?

प्रश्न: गेल्या गणपतीत मुलीने हौसेने चॉकलेटचे मोदक केले पण सासूबाईंनी ते नैवेद्याच्या ताटात ठेवूच दिले नाहीत. म्हणाल्या, हे इंग्रजांचं खाणं, पोराटोरांचा खाऊ, देवाला कसं दाखवायचं? मुलगी अजून रुसलेली आहे. तुम्हीच सांगा काय ते. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: ताई, नैवेद्याला काय ठेवायचं ते तुमच्या घरची रीत ठरवणार, त्यात मी पडत नाही, आणि उकडीच्या मोदकाची सर कशालाच नाही असं सासूबाईंचं म्हणणं असेल तर मी सरळ त्यांच्या बाजूने. पण इंग्रजांचं खाणं आणि पोरांचा खाऊ, ही दोन्ही विशेषणं चॉकलेटला लावली ना, ती मला पटत नाहीत, कारण इंग्रजांना ज्याची चवही माहीत नव्हती ते हजारो वर्षं तिकडे मेक्सिको-ग्वाटेमालाकडे देवळात आणि राजवाड्यात होतं.

ज्याच्या बियांपासून चॉकलेट बनतं ते कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. इक्वाडोरमध्ये सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडलेत. फळ फणसासारखं थेट खोडालाच लागतं, आत पांढरा आंबटगोड गर आणि त्यात तीस-चाळीस बिया. त्या बिया नुसत्या चावल्या तर कडू-तुरट लागतात, चॉकलेटचा वास औषधालाही नाही. गरासकट पाच-सात दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या, तेव्हा कुठे तो वास सुटतो. आणि हे सगळं तिथल्या लोकांनी कुठल्याही मशीनशिवाय शोधून काढलं याचं मला फार कौतुक वाटतं.

मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे प्राचीन माया लोक कोको प्यायचे. भाजलेल्या बिया पाट्यावर वाटायच्या, पाण्यात कालवायच्या, त्यात मिरची, मक्याचं पीठ, व्हॅनिला असं काय काय घालायचं आणि फेस काढायचा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या म्युझियममध्ये आठव्या शतकाच्या आसपासचं एक माया भांडं आहे, त्यावर एक बाई उभी राहून वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात उंचावरून हे पेय ओततेय असं चित्र आहे. फेस हीच त्यातली खरी श्रीमंती. लग्नात कोको, देवापुढे कोको, राजाला पुरताना सोबत कोकोचं भांडं. पुढे मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांत तर बिया नाणं म्हणून चालायच्या, स्पॅनिश राज्य आल्यावरही १५४५ सालच्या तिथल्या त्लाक्सकाला गावच्या दरपत्रकात एका टर्की कोंबडीला १०० बिया आणि मोठ्या टोमॅटोला १ बी असा भाव लिहिलाय. खोट्या नोटा असतात तशा खोट्या बियाही होत्या, आतलं काढून टरफलात माती भरायची.

आता सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. त्या उपवासाला राजगिऱ्याचा लाडू खात असतीलच. राजगिरा पण तिकडचाच. अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा गोड पाक घालून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की त्या मूर्तीचे तुकडे प्रसाद म्हणून वाटायचे, स्पॅनिश पाद्र्यांनी ते बंद पाडलं. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याची चिक्की विकतात, दिसायला अगदी आपल्यासारखी. मिरची, शेंगदाणे, बटाटा, रताळं, आणि सेलमचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, हे सगळं त्याच खंडातून आलंय आणि आपल्या उपवासाच्या ताटात मानाने बसलंय. म्हणजे राजगिरा आणि कोको एकाच देवळातून निघाले, राजगिऱ्याला आपण देवघरात घेतलं आणि कोकोला फक्त फ्रीजमध्ये जागा दिली.

पोरांचा खाऊ तर ते फार उशिरा झालं. लंडनमध्ये १६५७ च्या सुमाराला चॉकलेट प्यायची दुकानं निघाली, तिथे मोठी माणसं बसून राजकारण करायची. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हान हौटेन यांनी कोकोतलं तूप दाबून वेगळं काढायचं तंत्र आणलं, १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खायची वडी केली, आणि दुधाचं चॉकलेट स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी १८७५ मध्ये. कॅडबरी भारतात आली १९४८ ला, ठाण्यात तर चौकालाच कॅडबरी जंक्शन म्हणतात. तरी आपल्याकडे कितीतरी वर्षं ते वाढदिवसाचंच राहिलं, नव्वदच्या दशकात ती क्रिकेटच्या मैदानात नाचत धावणाऱ्या मुलीची जाहिरात आली आणि मोठ्यांनीही उघडपणे खायला सुरुवात केली.

माझं मत विचाराल तर उकडीचे २१ नेहमीसारखे करा, आणि मुलीचे पाच वेगळ्या वाटीत बाजूला ठेवा. फक्त ते कोकोचं तूप असलेल्या खऱ्या चॉकलेटचे असू देत. सासूबाईंना तो इतिहास मुलीलाच सांगू द्या, आजी नातीचं ऐकते.

प्रश्न: डार्क चॉकलेट एकादशीला चालतं असं जिममधला मित्र म्हणतो. खरं का? (एक वाचक, कांदिवली)

उत्तर: हाच वाद युरोपात शंभरेक वर्षं चालला होता, चर्चच्या उपवासाला चॉकलेट प्यावं की नाही यावर पाद्री एकमेकांविरुद्ध लिहीत होते. शेवटी १६६२ मध्ये कार्डिनल, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू, ब्रांकाच्चो यांनी मत दिलं की पातळ पदार्थाने उपवास मोडत नाही. आपल्याकडे असं कोणी ठरवून दिलेलं नाही, पण तुम्ही कडक पाळणारे असाल तर पाकिटाची मागची बाजू वाचा, बहुतेक चॉकलेटात सोया लेसिथिन असतं आणि सोयाबीन कडधान्यात मोडतं. वेफर-बिस्किटवाल्यात मैदा असतो, ते तर नकोच.

प्रश्न: दिवाळीला क्रॉफर्ड मार्केटमधून स्लॅब आणून घरी चॉकलेटं केली, पण आठवड्यात त्यावर पांढरट थर आला. बुरशी आहे का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: बहुतेक करून नाही. कोकोचं तूप साधारण ३४ अंशाला वितळतं, आपल्या दुपारच्या उकाड्यात चॉकलेट मऊ पडतं, ते तूप वर येतं आणि परत घट्ट होताना पांढरं दिसतं. फ्रीजमध्ये उघडं ठेवलं तर ओल धरून साखर वर येते, तेही पांढरंच, पण हाताला खरखरीत लागतं. बुरशी असेल तर लव दिसते आणि कुबट वास येतो, मग टाकून द्या. आणि स्लॅबवर कंपाउंड लिहिलं असेल तर त्यात कोकोच्या तुपाऐवजी पामसारखं वनस्पती तेल असतं, करायला सोपं आणि स्वस्त, पण तोंडात तसं विरघळत नाही. पुढच्या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फ्रीजमधून काढल्यावर डब्याचा गारवा जाऊन तो बाहेरच्या हवेइतका होईपर्यंत उघडू नका. आत्ताची पांढरी झालेली फेकू नका, गरम दुधात विरघळवून प्या.