थोरलीचं दहा दिवसांत गेलं, हिचं का नाही?

"मॅडम, थोरल्या सुनेनं बाळंतपणात रडून घर डोक्यावर घेतलं होतं. दहाव्या दिवशी आपोआप थांबलं. ही तर रडतही नाही. मग हिला कसला आजार?"

सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. धाकटी शेजारीच बसलेली, मांडीवर दीड महिन्याचं बाळ, नजर दाराकडे. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

थोरलीला झालं ते निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू फुटतं, दोन आठवड्यांत ओसरतं. झोप आणि मायेचं माणूस मिळालं की भागतं. धाकटीच्या बाबतीत मला शंका होती ती बाळंतपणातल्या नैराश्याची, म्हणजे डिप्रेशनची.

धाकटीशी एकटीशी बोलले. "बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते?" हा माझा ठरलेला प्रश्न.

"नाही. त्याचा श्वास चालू आहे ना, बघत बसते."

कंबर दुखते, डोकं दुखतं, नवऱ्यावर खेकसते, मग स्वतःचाच राग येतो. कधीपासून? मला वाटलं, बाळंतपणापासून म्हणेल.

"सातव्या महिन्यापासून. डोहाळजेवणाच्या फोटोत हसतेय, पण तेव्हा वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय."

पोटुशीला असं होतंच, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. पुष्कळजणींचं दुखणं असं गरोदरपणातच सुरू होतं. नऊ महिने वजन, बीपी, साखर सगळं पाहिलं जातं; मनाचं विचारायला मात्र कुणाला सवड नसते. याचा मला अजूनही राग येतो.

तिच्याकडून एडिनबर्ग प्रश्नावली भरून घेतली. बाळंतिणीत नैराश्याची लक्षणं आहेत का, हे चाचपायची ही यादी. 1987 सालची, 10 प्रश्न, गेल्या 7 दिवसांबद्दलचे. 30 पैकी 17 गुण आले. एवढ्यावर निदान होत नाही, पण पुढे पाठवायला हवं हे कळतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो मी बेरजेत हरवू देत नाही. तिनं 'कधीतरी' वर खूण केली होती. त्याच दुपारी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर नवऱ्याच्याही फोनमध्ये घातला. डॉक्टरांनी थायरॉइड तपासायला सांगितलं. बाळंतपणानंतर ते बिघडलं तरी असाच थकवा, अशीच उदासी येते.

"गोळ्या सुरू केल्या तर अंगावरचं तोडावं लागेल?" सासूबाई.

"नाही मावशी. पाजताना चालतील अशा गोळ्या असतात, डॉक्टर ते बघूनच देतात. तुम्ही फक्त रात्रीची एक पाळी घ्या."

चौथ्या भेटीला सासूबाई बाळाला घेऊन बाहेर थांबल्या. आत बोलता बोलता हिला खुर्चीतच डुलकी लागली. मी उठवलं नाही.