वाचकांचे प्रश्न : आजोबांची ‘शेवरलेट’ आणि एका सुट्या भागाचा नंबर

(या वेळी चार पत्रे एकाच कंपनीविषयी आली असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : माझे आजोबा स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात निपाणीहून तंबाखूची पोती नेणारी लॉरी चालवीत. ती ‘शेवरलेट’ होती, असे ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. मी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहे. ही कंपनी मुळात कोणाची, आणि तिचा लौकिक यंत्राच्या जोरावर होता की जाहिरातीच्या? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या आजोबांची शेवरलेट, म्हणजे शेवरोले, ही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीची गाडी. मिशिगन राज्यातील फ्लिंट या गावात घोडागाड्या तयार करून श्रीमंत झालेल्या विल्यम ड्युरंट यांनी १६ सप्टेंबर १९०८ रोजी ही कंपनी स्थापन केली आणि ब्युइक, ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक अशा निरनिराळ्या गाड्यांचे कारखाने भराभर विकत घेऊन एका छत्राखाली आणले. कर्जाचा भार वाढल्याने १९१० मध्ये बँकांनी त्यांच्या हातून कारभार काढून घेतला. तेव्हा त्यांनी लुई शेवरोले या स्विस वंशाच्या शर्यतपटूला बरोबर घेऊन १९११ मध्ये नवी कंपनी उभी केली आणि तिच्याच बळावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. १९२० मध्ये ती त्यांनी पुन्हा गमावली, ती कायमची. मुंबईत या कंपनीचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ पर्यंत चालला. सुटे भाग जहाजातून येत आणि गाडी येथे उभी राही. आपल्या आजोबांची लॉरी बहुधा तेथेच जोडलेली असावी.

आता लौकिकाविषयी. आपण टर्नर आहात, म्हणून एक प्रसंग सविस्तर सांगतो. १९०८ मध्ये, म्हणजे कॅडिलॅक जनरल मोटर्समध्ये येण्याच्या आदल्या वर्षी, इंग्लंडमधील रॉयल ऑटोमोबाइल क्लबने या गाडीची एक विलक्षण परीक्षा घेतली. तीन कॅडिलॅक गाड्या लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मैदानावर आणून पूर्णपणे सुट्या केल्या आणि तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळून टाकले. एवढ्यावर न थांबता त्या ढिगातून ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या गोदामातील साधे सुटे भाग ठेवले. मग केवळ पाना आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन, कोठेही कानस न लावता, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि प्रत्येकीला मैदानावर ५०० मैल पळवले. तिन्ही गाड्या त्यात उतरल्या आणि त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला. त्या काळी प्रत्येक भाग घासून, ठोकून ज्याच्या त्याच्या गाडीत बसवावा लागे. एक बोअर (भोक) आणि त्यात बसणारा एक शाफ्ट (दांडा) जुळवण्यासाठी आपल्याला किती वेळा गेज (मापक) लावावा लागतो, हे आठवले म्हणजे या परीक्षेचे मोल लक्षात येईल. तेव्हा पहिले उत्तर असे की, तो लौकिक यंत्राचा होता आणि मायक्रोमीटरच्या काट्यावर मिळवलेला होता.

पुढे १९२३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झालेले आल्फ्रेड स्लोन हे मूळचे विद्युत अभियंते. रोलर बेअरिंग तयार करणारा कारखाना चालवता चालवता ते मोटार उद्योगात आले होते, म्हणजे आपल्या उद्यमबागेच्या भाषेत ते सुट्या भागांचे पुरवठादारच होते. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी बेअरिंगची मापे समोर धरून आपल्याला अचूकतेचा धडा दिला, ही आठवण स्लोन यांनी स्वतः सांगितली आहे. त्यांच्याच कारकिर्दीत दुसरा लौकिक आला, तो बाजारपेठेचा. हेन्री फोर्ड एकच गाडी, एकाच रंगात, दरवर्षी अधिक स्वस्त करीत होते. स्लोन यांनी प्रत्येक ऐपतीच्या माणसासाठी वेगळी गाडी ठेवली : खाली शेवरोले, सर्वांत वर कॅडिलॅक, आणि मध्ये पायऱ्या. गाडी हप्त्याने मिळावी म्हणून कंपनीची स्वतःची वित्तसंस्था १९१९ पासूनच होती. दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटू लागते, ही रीतही याच काळात रुजली. माझ्या मते आपल्या दोन पर्यायांपैकी दोन्ही खरे आहेत. मात्र पहिला लौकिक आधीचा आहे आणि दुसरा त्याच्या पायावर उभा आहे.

प्रश्न : ‘जे जनरल मोटर्सच्या हिताचे तेच देशाच्या हिताचे’ असे या कंपनीच्या प्रमुखाने म्हटले होते, हे खरे का? — एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : थोडे वेगळे म्हटले होते. कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन यांना १९५३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री नेमले गेले, तेव्हा सिनेटच्या समितीने त्यांना विचारले की, कंपनीचे नुकसान होईल असा निर्णय देशासाठी घ्यावा लागला तर आपण घ्याल का. घेईन, असे त्यांनी सांगितले. पण तशी वेळ येईल अशी कल्पनाच करता येत नाही, कारण जे देशाच्या हिताचे ते जनरल मोटर्सच्या हिताचे आणि उलटही तसेच, असे आपण वर्षानुवर्षे मानत आलो आहोत, अशी पुस्ती त्यांनी जोडली. लोकांच्या लक्षात फक्त ‘उलटही’ राहिले.

तरीही शब्दांची अदलाबदल झाली म्हणून त्यामागचा दर्प नाहीसा होत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सुमारे निम्म्या गाड्या तेव्हा या एकाच कंपनीच्या होत्या. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने गाड्यांच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले आणि शेवरोलेच्या कॉर्व्हेअर गाडीच्या मागच्या चाकांच्या रचनेत दोष दाखवला, तेव्हा कंपनीने त्यांच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. हे उघडकीस आल्यावर १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. कॉर्व्हेअर ही त्या काळच्या तशा इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचणीतून निघाला, हेही सांगितले पाहिजे. मुलांना शिकवताना दोन्ही बाजू सांगाव्यात. गाडीवरचा आरोप वादाचा ठरला, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या पाळतीवर माणसे ठेवणे हे कंपनीने स्वतःच कबूल केलेले कृत्य होते.

प्रश्न : एवढी मोठी कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत कशी गेली? आणि पुण्याला जाताना तळेगावच्या तिच्या कारखान्यावर आता दुसरे नाव का दिसते? — एक वाचक, निपाणी

उत्तर : १ जून २००९ रोजी कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १० जुलैला नव्या रूपात ती बाहेरही आली. अमेरिकन सरकारने त्यासाठी सुमारे ५० अब्ज डॉलर गुंतवले. २०१३ अखेर सर्व समभाग विकून झाल्यावर त्यांतील १० अब्जांहून अधिक डॉलर परत आलेच नव्हते. कारणांमध्ये निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा आणि औषधोपचाराचा बोजा, मोठ्या व जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांवरचा भर, २००८ मधील इंधनाचे भाव आणि त्याच वर्षी आटलेला कर्जपुरवठा, ही सर्व आहेत. परंतु मला सर्वांत बोलके वाटते ते कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे उदाहरण. तेथील कारखाना कामगारांच्या गैरहजेरीसाठी आणि निकृष्ट कामासाठी कुप्रसिद्ध होता, म्हणून जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तोच कारखाना, बहुतेक त्याच कामगारांना परत बोलावून, पुन्हा सुरू झाला. या वेळी दोष दिसला तर दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला होता. थोड्याच काळात तेथील गाड्यांचा दर्जा जपानमधील गाड्यांच्या तोडीचा झाला. म्हणजे खोट कामगारांच्या हातात नव्हती. हा धडा स्वतःच्याच छपराखाली मिळाला असूनही तो इतर कारखान्यांत नेण्यास कंपनीला फार उशीर लागला.

भारतातील हकिकत अशी की, गुजरातेतील हालोल येथून कंपनी १९९०च्या दशकात ओपेल गाड्या घेऊन परत आली. शेवरोले हे नाव २००३ मध्ये आले आणि तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे वडापला आणि वरातीला धावणारी टवेरा याच कंपनीची. २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या, कारण प्रदूषण चाचणीत कर्मचाऱ्यांनीच नियम मोडल्याचे तिच्या चौकशीत आढळले होते. त्यानंतर बाजारातील वाटा घसरत १ टक्क्याच्याही खाली गेला, हालोल बंद झाले आणि २०१७ अखेर देशातील विक्री थांबली. तळेगावातून काही काळ निर्यात होत राहिली, ती डिसेंबर २०२० मध्ये थांबली. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटल्यावर तो कारखाना ह्युंदाईने घेतला. नोकरी गेलेल्या कामगारांचा भरपाईचा वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. आपल्या सीमाभागातील अनेक घरांतून मुले पुणे, तळेगाव, चाकणला कामाला जातात, म्हणून ही बाजू केवळ ‘कंपनीने बाजार सोडला’ एवढ्या वाक्यात उरकणे मला बरोबर वाटत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मच्छे येथील वडिलांच्या लहान शॉपमध्ये मदत करतो. ग्राहक कंपन्यांचे लोक कधी कधी फोनवरच माप बदलायला सांगतात. इग्निशन स्विचच्या प्रकरणात असेच काही घडले होते, असे वर्गात ऐकले. ते नेमके काय होते? — एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला पहिल्या उत्तरातील ब्रुकलँड्सचे मैदान आठवले. शेवरोलेची कोबाल्ट आणि तिच्या जातीच्या जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमध्ये किल्लीचा जो स्विच होता, त्यातील एक लहान दट्ट्या आणि स्प्रिंग किल्लीला जागेवर धरून ठेवीत. ठरलेल्या मापापेक्षा त्यांची पकड कमी पडत होती आणि २००२ मध्ये हे ठाऊक असूनही अभियंत्याने तो भाग मंजूर केला. परिणामी किल्लीला जड जुडगा असला, गुडघा लागला किंवा गाडी खड्ड्यातून गेली की किल्ली आपोआप मागे फिरे. इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाई आणि, सर्वांत वाईट म्हणजे, धडक झाली तरी एअरबॅग उघडत नसे.

२००६ मध्ये त्याच अभियंत्याने अधिक लांबीच्या स्प्रिंगचा बदल मंजूर केला. बदल योग्य होता, पण सुट्या भागाचा नंबर जुनाच ठेवला गेला. त्यामुळे पुढे तक्रारी तपासणाऱ्यांना जुन्या गाड्यांत दोष दिसे, नव्या गाड्यांत दिसत नसे, आणि कागदोपत्री तर स्विच एकच होता. वर्षे अशीच गेली. अखेर जॉर्जिया राज्यातील एका अपघाताच्या खटल्यात मृताच्या कुटुंबाच्या बाजूने नेमलेल्या एका तज्ज्ञ अभियंत्याने विक्रेत्याकडून एक नवा स्विच विकत आणला आणि अपघातग्रस्त गाडीतील जुन्या स्विचशेजारी ठेवून तपासला. नंबर एकच होता, आतील स्प्रिंगची लांबी मात्र वेगळी होती. २०१४ मध्ये जगभरातून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई योजनेने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी मान्य केला आणि २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायखात्याला ९० कोटी डॉलर भरले. हे सर्व मेरी बारा यांच्या वाट्याला आले, त्या प्रमुखपदी येऊन जेमतेम काही आठवडे झाले असताना. त्यांचे वडील याच कंपनीत डाय तयार करणारे कारागीर होते आणि त्या स्वतः वयाच्या अठराव्या वर्षी तेथे शिकाऊ म्हणून लागल्या होत्या.

ब्रुकलँड्सला कोणताही भाग उचलला तरी तो दुसऱ्यासारखाच निघाला होता. येथे एकाच नंबरखाली दोन निराळे भाग बाजारात फिरत होते आणि कोणता कोणत्या गाडीत आहे हे सांगण्याचा मार्गच उरला नव्हता.

फोनवरून आलेला बदल योग्य असेल, तर तो नाकारू नका. मात्र ड्रॉइंगच्या कोपऱ्यातील चौकटीत बदलाचे नवे अक्षर, तारीख आणि सही पडल्याशिवाय पुढचा लॉट मशीनवर चढवू नका, हे वडिलांनाही सांगा. नग दिसायला हुबेहूब असला तरी जुन्या मापाचे जे नग रॅकवर शिल्लक असतील, ते वेगळ्या पेटीत ठेवून वेगळे लेबल लावा आणि ग्राहकाला त्यांची संख्या लेखी कळवा.