हरभऱ्याच्या मुळाशी गुलाबी गाठ

प्रश्न : बाई, सस्नेह नमस्कार. बार्शी तालुक्यात माझी चार एकर कोरडवाहू जमीन आहे. परवा युरियाच्या गोण्या उतरवताना आठवीतल्या मुलीनं विचारलं, "बाबा, हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे असं पुस्तकात लिहिलंय. मग हा विकत कशाला आणायचा? आपण श्वासात घेतो त्या नायट्रोजनचं काय होतं? आणि सगळा ऑक्सिजनच असता तर बरं झालं नसतं का?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.
– एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर

उत्तर : आधी श्वासाचं सांगते. 100 लिटर कोरड्या हवेत 78 लिटर नायट्रोजन, जवळजवळ 21 लिटर ऑक्सिजन आणि उरलेल्या लिटरभरात बहुतेक सगळा आर्गॉन असतो. कार्बन डायऑक्साइड 50 मिलिलिटरसुद्धा भरत नाही. आपण श्वास सोडतो तेव्हा ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. नायट्रोजन मात्र आत गेला तसाच बाहेर येतो. साठ किलोच्या माणसाच्या अंगात पावणेदोन-दोन किलो नायट्रोजन असतो, स्नायूंत, रक्तात, केसांत. पण तो नाकावाटे आलेला नाही. तो भाकरीतून, डाळीतून, दुधातून आला.

असं का? हवेतल्या नायट्रोजनचे दोन-दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं घट्ट धरून असतात. ही मिठी सुटल्याशिवाय त्यांचा कुणालाच उपयोग नाही, ना तुमच्या लेकीला, ना तुमच्या ज्वारीला. मी हिशेब मांडून पाहिला. तुमच्या एका एकरावर उभ्या असलेल्या हवेत सुमारे 31 हजार टन नायट्रोजन आहे. आणि 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे जेमतेम 21 किलो. तरी आपण पैसे मोजतो ते त्या गोणीसाठी, कारण तिच्यातली मिठी कुणीतरी आधीच सोडवलेली असते. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत ते करून दाखवलं आणि कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं त्याचा कारखाना उभा केला. साडेचारशे अंशांच्या आसपास उष्णता आणि दीड-दोनशे पट हवेचा दाब लागतो. अलिबागजवळ थळला युरिया होतो, त्याच्या मुळाशी हीच रीत आहे.

वीजही हे काम करते. विजेच्या कडकडाटासह पाऊस झाला की पीक हिरवं पडतं असं जुनी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण हा वाटा लहान.

मोठा वाटा जिवाणूंचा. माझे वडील दरवर्षी म्हणायचे, "हरभऱ्याचा बेवड चांगला," म्हणजे हरभरा निघालेल्या रानात पुढचं पीक चांगलं येतं. का चांगला, हे त्यांना सांगता येत नसे. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आले आणि हरभऱ्याचं एक झाड खुरप्यानं मातीसकट उचलून त्यांच्यासमोर धरलं. मुळावरची एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी. वडिलांनी ती तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हे तर रगतासारखं दिसतंय." त्यांनी सहज काढलेले ते शब्द अगदी नेमके होते.

गाठीत रायझोबियम जिवाणू राहतात. नायट्रोजनची मिठी सोडवायला त्यांच्याकडे एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि ते शेतातल्या साध्या तापमानाला, साध्या दाबाला काम करतं. पण ऑक्सिजनशी गाठ पडली की ते निकामी होतं. अडचण अशी, की जिवाणूंना जगायला, कामाची ताकद मिळवायला ऑक्सिजन तर हवाच. मग झाड काय करतं? गाठीत आपल्या हिमोग्लोबिनसारखंच एक द्रव्य तयार करतं. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना मोजून मोजून पुरवतं. विकर वाचतं, जिवाणूही जगतात. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच. हवेतले दोन मोठे वायू एका ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत इतक्या नेटक्या हिशेबानं वागवले जातात, हे मी पस्तीस वर्षं शिकवलं, आणि अजूनही गाठ फोडताना माझा हात थबकतो.

आता सगळा ऑक्सिजनच असता तर? 27 जानेवारी 1967 रोजी अमेरिकेत अपोलो 1 यानाची जमिनीवर चाचणी चालू होती. यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबानं. ठिणगी पडली आणि काही क्षणांत आग भडकली. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर आतच गेले. नायट्रोजन आग विझवत नाही, पण जळताना निघणारी उष्णता तो वाटून घेतो, म्हणून आपली चूल आणि वणवा एवढ्यावर थांबतात. शिवाय हवेच्या दाबात तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा त्याचाच. तो काढून घेतला आणि ऑक्सिजन होता तेवढाच ठेवला, तर पाणी साठ-पासष्ट अंशांवरच उकळेल. उघड्या पातेल्यात डाळ शिजायचीच नाही.

ऑक्सिजनही काही आयता मिळालेला नाही. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत तो नव्हताच म्हणा ना. समुद्रातल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंनी सूर्यप्रकाशात पाणी फोडून तो सोडायला सुरुवात केली, पुढं झाडं त्यात आली.

ऑक्सिजन एक पंचमांश आहे हे लेकीला घरी दाखवता येईल. लेथवरचा लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये बुडवून, निथळून उंच काचेच्या ग्लासाच्या तळाशी घट्ट दाबून बसवा आणि ग्लास पाण्याच्या ताटात उपडा ठेवा. एक-दोन दिवसांत कीस गंजतो, ऑक्सिजन संपतो आणि पाणी ग्लासात जवळजवळ पाचव्या हिश्शापर्यंत चढतं. मेणबत्तीच्या प्रयोगावर मात्र विश्वास ठेवू नका. ती बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते, आणि पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा निवते म्हणून.

शेवटी शेताचं. हरभऱ्याला पेरणीच्या वेळी जिवाणू खत चोळलं असेल तर त्यावर युरियाचा मारा करू नका. जमिनीत आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी धरायला आळस करतं. पेरणीला महिना-सव्वा महिना झाला, की फुलोऱ्याच्या आधी लेकीला घेऊन रानात जा. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटतात. खुरप्यानं ढेकूळ उचला, मुळं पाण्यात हलकेच धुवा आणि तिलाच नखानं गाठ फोडू द्या. गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा जमिनीचा तपासणी अहवालही सोबत पाठवा.