डायलिसिसच्या खुर्चीत रंगपेन्सिल कशाला?

"बाबांनी शाळेनंतर कधी चित्र काढलेलं नाही. डायलिसिसला बसल्यावर त्यांच्या हातात रंग दिले तर ते चिडतील हो." मी पेशंटना उपचार चालू असताना चित्रं काढायला, रंगवायला देते, तेव्हा त्यांची मुलं-सुना मला हे नेहमी सांगतात.

परळच्या एका सेंटरवर भेटलेले काका आठवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लालबागच्या चाळीतले, तरुणपणी गिरणीत साचेखात्यात (म्हणजे कापड विणायच्या मागांवर) बदली कामगार, १९८२च्या संपानंतर वॉचमन. आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास डायलिसिस. आदल्या रात्री झोप नाही, आणि सुया लागल्यापासून नजर मशीनच्या आकड्यांवर. अलार्म वाजला की घामाघूम.

मी आधी त्यांना फुलाफुलांची नक्षी छापलेला कागद रंगवायला दिला. माझं चुकलंच. "नातवाला द्या मॅडम," म्हणत त्यांनी तो उलटा ठेवला. मग मी कामाचं विचारलं. साच्यावर काय निघायचं? काका खुलले. चौकडीचं कापड, किती धाग्यांनी रंग बदलायचा, सगळं तोंडपाठ!

पुढच्या खेपेला ग्राफपेपर नेला. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला तयार केलेली नस) डाव्या हाताला, तो हात हलवायचा नाही; उजवा मोकळा. चार घरं निळी, दोन पांढरी, मग एक लाल. मध्येच अलार्म वाजला. काकांनी वर पाहिलं, सिस्टर आल्या, आणि काका पुन्हा घरं मोजू लागले. सुईची धास्ती गेली नाही, पहाटे तीनला जाग अजून येते. पण ते चार तास नुसते भीतीत जात नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते बनवू दिलं. सुमारे ७५ टक्के जणांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, उतरलं. कलेचा सराव असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. ती माणसं निरोगी होती, म्हणून पेशंटना असाच गुण येईल असं मी म्हणणार नाही. पण 'चित्र येत नाही' ही अडचण मनातून काढून टाका.

बाबांचे हात आयुष्यभर काय करत होते ते आठवा. आईला ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर वहीत ठिपके काढून द्या. सिस्टरांना आधी विचारा. केमो चालू असेल तर पेन्सिली नव्या, फक्त त्यांच्याच ठेवा. दम लागला, छातीत दुखलं तर कागद बाजूला, लगेच स्टाफला हाक मारा. आणि चित्र कसं झालंय, हे मात्र बोलू नका. पुढचा रंग कुठला, एवढंच विचारा.