बायोप्सी झाली आहे, अहवाल यायचा आहे

तुमचे म्हणणे मला असे समजले: वय २७, अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, ती दुखत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी 'या वयात बहुधा फायब्रोअ‍ॅडिनोमाच असतो', म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, असे म्हणत सोनोग्राफी करायला सांगितली, तिच्या अहवालात 'बायरॅड्स ४ए' असे आले, मग सर्जनांनी कोअर बायोप्सी केली, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा तपासायला काढला, आणि आता आठवडाभर थांबायचे आहे. घरात आई म्हणते, स्थळे पाहायला सुरुवात झाली आहे, कुठे बोलू नकोस; मावशीच्या मते सुई लावायलाच नको होती. या दिवसांत काय करावे आणि येणाऱ्या अहवालावर किती विसंबावे, हा तुमचा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचताना तुमचे लक्ष तिकडेच राहील. तिशीच्या उंबरठ्यावर माझ्या स्तनात सापडलेली गाठ कर्करोगाची निघाली. उपचार संपून आता बराच काळ लोटला आहे. त्यानंतर ओळखीतल्या अनेक मुलींबरोबर मी तपासणीसाठी गेले आणि त्यांतल्या बहुतेकींच्या गाठी साध्या निघाल्या. माझ्या गाठीवरून तुमच्या गाठीविषयी काही ठरत नाही आणि त्यांच्या गाठींवरूनही नाही. म्हणून या काळात 'माझ्या एका मैत्रिणीला असेच झाले होते' अशी सुरुवात करणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून, ती धीर देणारी असो वा घाबरवणारी, थोडे दूरच राहा.

'या वयात काही नसते' हे वाक्य अर्धे खरे आहे. विशीत आणि तिशीच्या सुरुवातीला सापडणाऱ्या गाठींमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमाच सर्वाधिक आढळतो. त्याखेरीज पाण्याच्या गाठी असतात, बाळाला दूध पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये दूध साचून झालेल्या गाठी असतात आणि आपल्याकडे स्तनाचा क्षयरोग किंवा ग्रॅन्युलोमेटस मास्टायटिस नावाची दाहक सूजही अधूनमधून आढळते, जी हाताला आणि कधीकधी सोनोग्राफीलाही कर्करोगासारखीच भासते. परंतु भारतात स्तनाच्या कर्करोगाचे निदान होणाऱ्या स्त्रियांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचे एक मोठे कारण. तेव्हा वय ही शक्यता सांगणारी बाब आहे, निदान करणारी नाही. गाठ दुखत नाही किंवा बोटाखाली सरकते, यालाही तेवढेच मोल द्यावे. तुमच्या डॉक्टरांनी बहुधा काही नसेल असे म्हणूनही तपासणी करायला लावली, हे योग्यच केले. ज्या मुलींना 'लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर आपोआप जाईल' असे सांगून घरी पाठवले जाते, त्यांची मला जास्त काळजी वाटते.

स्तनातील गाठीचे निदान तीन गोष्टींच्या मेळातून होते: डॉक्टरांच्या हाताला काय लागले, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत काय दिसले आणि सुईने काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली काय आढळले. तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्यामुळे मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून तुमच्याबाबतीत आधी सोनोग्राफी झाली. त्यात कोणी हलगर्जीपणा केला असे समजू नका. संशय बळावला तर मॅमोग्राफीही करतात.

आता तुमचा ४ए. बायरॅड्स ही रेडिओलॉजिस्टने आपला संशय आकड्यात मांडण्याची पद्धत आहे. तिसऱ्या वर्गात कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून अधिक नसते, पाचव्यात ती ९५ टक्के किंवा अधिक असते आणि चौथा वर्ग या दोहोंमधले सगळे अंतर व्यापतो, म्हणूनच त्याचे ए, बी, सी असे पोटभाग केले आहेत. ४ए म्हणजे दोन ते दहा टक्के. याचा अर्थ, असा शेरा मिळालेल्या शंभर जणींपैकी नव्वद किंवा त्याहून अधिक जणींना कर्करोग नसतो, पण उरलेल्यांचा शोध सुईशिवाय लागत नाही. हा आकडा कर्करोगाच्या टप्प्याचा, म्हणजे स्टेजचा, नाही. 'चौथी स्टेज' आणि 'बायरॅड्स ४' यांत गल्लत करून रात्रभर रडलेल्या दोघीजणी मी स्वतः पाहिल्या आहेत, त्यामुळे हे घरच्यांनाही अवश्य समजावून सांगा.

सुई लावल्याने रोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे आणि मावशींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी कदाचित एखादी अशी रुग्ण पाहिली असेल जिच्यात रोग आधीच पसरलेला होता आणि सुई नंतर लागली. सुईच्या मार्गात काही पेशी सरकल्याचे क्वचित आढळते, परंतु रोग निघालाच तर पुढील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे त्याची दखल घेतात आणि बायोप्सीमुळे स्त्रीचे आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. खरा धोका उलट बाजूला आहे. 'लहानशी तर आहे, काढूनच टाकू' असे म्हणत सुईची तपासणी न करता गाठ कापून काढली आणि नंतर ती कर्करोगाची निघाली, तर कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला रोगाच्या पेशी उरल्या नाहीत ना, हा प्रश्न उरतो, दुसरी शस्त्रक्रिया करावी लागू शकते आणि शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी देऊन गाठ कितपत विरघळते हे पाहण्याची संधीही हातची जाते. तुमच्या सर्जनांनी आधी कोअर बायोप्सी केली, म्हणजे क्रम बरोबर राहिला. बारीक सुईच्या एफएनएसीत केवळ पेशी मिळतात, कोअर बायोप्सीत ऊतीचा अखंड तुकडा मिळतो, त्यामुळे निदान अधिक भक्कम होते.

बायोप्सीनंतर त्या जागी निळसर डाग पडतो, थोडे रक्त आत साचते आणि गाठ आधीपेक्षा मोठी लागते. ती 'वाढली' असे मनात आणू नका आणि दर तासाला चाचपूनही पाहू नका. बसणारी, आधार देणारी ब्रेसियर दिवसरात्र घाला, दुखल्यास डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, तिने रक्तस्राव वाढतो. ताप आला, लाली पसरत गेली, पू आला किंवा सूज झपाट्याने वाढली, तर अहवालाची वाट न पाहता दवाखान्यात जा. एरंडेलाचा लेप, गरम शेक, मालीश यांतले काहीही आता नको.

आठवडा का लागतो, हे कळले की थांबणे किंचित सुसह्य होते, निदान माझ्याबाबतीत तरी झाले. काढलेले तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात आणि ते द्रावण ऊतीत नीट मुरायला वेळ द्यावा लागतो. पुढे हार्मोन रिसेप्टरची, म्हणजे गाठीच्या पेशी हार्मोनला प्रतिसाद देतात का याची, तपासणी करावी लागलीच तर ती विश्वासार्ह ठरावी म्हणून हा अवधी ६ ते ७२ तासांच्या दरम्यान असावा, असा संकेत आहे. मग त्यातील पाणी काढून ऊती मेणात बसवतात, त्या ब्लॉकचे अतिशय पातळ काप घेतात, ते रंगवतात आणि मगच पॅथॉलॉजिस्टसमोर स्लाइड येते. कधी त्यांना आणखी खोलवरचे काप हवे असतात, कधी सहकाऱ्याचे मत घ्यायचे असते, कधी आयएचसी नावाची पुढची तपासणी करावी लागते. आयएचसी सांगितले म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. साध्या आणि संशयास्पद बदलांमधला फरक करायलाही ती वापरतात. अहवाल दोन दिवस लांबला यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. प्रयोगशाळा तो मोबाइलवर पाठवणार असेल, तर तो आल्यावर उघडायचा की सर्जनांसमोर बसून उघडायचा, हे आजच ठरवा. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूची आहे, कारण त्या भाषेतला एखादा निरुपद्रवी शब्दही एकट्याने वाचताना भयंकर वाटतो.

अहवालावर किती विसंबावे, याचे उत्तर एका प्रश्नात आहे आणि तो तुम्ही सर्जनांना विचारलाच पाहिजे: सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले, ते सोनोग्राफीत दिसलेल्या चित्राशी जुळते का? 'फायब्रोअ‍ॅडिनोमा' असा अहवाल आला आणि रेडिओलॉजिस्टलाही तो पटला, तर तो विषय तिथे मिटतो. अशी गाठ प्रत्येक वेळी काढावी लागत नाही, काही महिन्यांनी सोनोग्राफी करून तिच्यावर लक्ष ठेवता येते, आणि ती भराभर वाढू लागली, मोठी असली किंवा तुम्हालाच नको वाटली, तर काढतात. भराभर वाढणाऱ्या गाठीत फायलोड्स या वेगळ्या प्रकारच्या गाठीचा विचार करावा लागतो, कारण तो दिसायला फायब्रोअ‍ॅडिनोमासारखाच असतो. मात्र चित्र संशयास्पद आणि तुकडा निर्दोष अशी विसंगती असेल, तर 'काही निघाले नाही' म्हणून आनंदाने घरी येऊ नका. बायोप्सी पुन्हा करायला हवी. 'नॉर्मल' या एका शब्दावर समाधान मानून पुढे पस्तावलेल्यांची गोष्ट बहुधा इथेच सुरू झालेली असते.

कर्करोगाचा अहवाल आलाच, तर त्यानंतरचा आठवडा घाईने शस्त्रक्रिया उरकण्यासाठी नसतो. ईआर, पीआर (हे दोन हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींवरचे एक प्रथिन) या तपासण्यांचे निकाल हातात आल्याखेरीज उपचारांचा क्रम ठरत नाही. पुढे मूल हवे असेल तर केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी बीजांडे गोठवून ठेवण्याविषयी विचारा, कारण नंतर विचारून फारसा उपयोग नसतो. तरुण वयातल्या रुग्णाला जनुकीय तपासणीही सुचवतात. त्यासाठी कुटुंबाचा इतिहास सांगताना आई, आजी, मावशी यांच्याबरोबर आत्या आणि वडिलांकडची आजी यांचाही उल्लेख करा. सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते, हे अनेक घरांत ठाऊकच नसते.

आईंविषयी थोडे. त्यांची भीती मला समजते, आणि सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटण्याची खरोखरच गरज नाही. पण अहवालाच्या दिवशी सोबत येणारी, डॉक्टर बोलत असताना लिहून घेणारी एक व्यक्ती तुम्हाला हवी. ती आई नसली तरी चालेल. मैत्रीण किंवा भाऊही चालेल. एखादे स्थळ याच आठवड्यात येणार असेल तर भेट पुढे ढकला, कारण सांगण्याचे बंधन नाही. मधल्या काळात नवा आरोग्य विमा काढायचा विचार असेल, तर अर्जात ही तपासणी लपवू नका, पुढे त्याच मुद्द्यावर दावा नाकारला जाऊ शकतो.

निष्कर्ष काहीही निघो, मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेकडे मागा. ते कसे मिळतील, हे काउंटरवर आजच विचारून ठेवा. दुसरे मत घ्यायचे झाल्यास, मग ते परळच्या टाटा मेमोरियलमध्ये असो वा पुण्यातच, पुन्हा सुई न लावता त्याच ब्लॉकवरून ते देता येते. सोनोग्राफीचा नुसता कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडीही बरोबर ठेवा.