अँजिओप्लास्टीनंतर सासऱ्यांना कुठलं तेल द्यावं? घाण्याचं शेंगतेल, करडई, तूप की ऑलिव्ह?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली, डॉक्टर 'तेल-तूप सांभाळा' एवढं म्हणून पुढच्या पेशंटकडं वळले. दीर म्हणतात रिफाईंड म्हणजे विष, घाण्याचं तेल आणि घरचं तूप कितीही चालतं. नणंदेनं पुण्याहून ऑलिव्ह ऑइल आणलंय. जवसाची चटणी सुरू करू का, हेही तुम्ही विचारलंय. निपाणीच्या घरात सध्या ओट्यावर चार बाटल्या असणार असं धरून चालतो.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. बेळगावात शहापूरला आमचा लाकडी घाणा आहे. बीएस्सी केमिस्ट्रीनंतर तीन वर्षं नोकरी केली, मग वडिलांचा घाणा हातात घेतला. शेंगतेल, करडई, खोबरेल काढतो आणि विकतो. तुमच्या दिरांचं म्हणणं खरं असतं तर त्यात माझाच फायदा होता. पण ते खरं नाही.

घाण्यानं तेलातली फॅटी ॲसिडं, म्हणजे तेल ज्या घटकांचं बनतं ते, बदलत नाहीत. शेंगदाण्यात जे असतं तेच डब्यात उतरतं. साधारण निम्मं ओलिक, तीसेक टक्के लिनोलिक (ही दोन्ही असंपृक्त) आणि पाचव्या हिश्श्याच्या आसपास संपृक्त, म्हणजे डॉक्टर ज्याला सॅच्युरेटेड म्हणतात ते. रिफायनरीतून आलेल्या शेंगतेलातही हा हिशेब जवळजवळ हाच असतो. तिथं वास जातो, रंग जातो, ई जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं. शिवाय अफ्लाटॉक्सिनही जातं, आणि ही गोष्ट घाणेवाले सहसा सांगत नाहीत. ते बुरशीचं विष आहे. पावसात भिजलेल्या, नीट न वाळलेल्या शेंगेत तयार होतं आणि घाण्याच्या तेलात थोडंफार उतरू शकतं. म्हणून कुठल्याही घाण्यावर गेलात की तेलाचा वास घेण्याआधी पोत्यात हात घालून दाणे बघा. काळवंडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे दिसले तर तसंच परत या. माझ्याकडं आलात तरी हेच करा.

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाईक विचारतं, "अण्णा, हे तेल हार्टला चांगलं काय?" मी उलट विचारतो, "कशाच्या जागी?" लोकांना वाटतं मी टाळतोय. पण फॅटी ॲसिडांवरचं संशोधन वाचायला लागलो तेव्हा कळलं की सगळी भांडणं याच प्रश्नावरून आहेत. माणूस एक गोष्ट कमी खातो तेव्हा तिच्या जागी दुसरी काहीतरी खातो, आणि निकाल त्या दुसऱ्या गोष्टीवर ठरतो.

उदाहरण घ्या. १९९० साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि कातान यांनी ५९ धडधाकट माणसांना तीन तऱ्हेचा आहार आळीपाळीनं, प्रत्येकी तीन आठवडे दिला. एकात ओलिक, एकात संपृक्त, एकात ट्रान्स फॅट, म्हणजे तेल हायड्रोजननं घट्ट करताना तयार होणारी चरबी. उष्मांक तेवढेच, बाकी जेवण सारखंच. ट्रान्स फॅटच्या आहारात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलं आणि वर चांगलं एचडीएलही घटलं. संपृक्तानं एलडीएल वाढवलं होतं, पण एचडीएल पाडलं नव्हतं. अर्धवट हायड्रोजन घालून घट्ट केलेल्या वनस्पती तुपाची पत तिथून उतरू लागली. आपल्याकडं जानेवारी २०२२ पासून तेलातुपात २ टक्क्यांहून जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. त्याआधीच्या कितीतरी दिवाळ्या आपण त्याच तुपात शंकरपाळे तळले, ते सोडा.

दिरांनी पाठवलेला तो फॉरवर्ड माझ्याकडंही आलाय. 'रेल्वेच्या अभ्यासानं सिद्ध झालं, तूप खाणाऱ्यांना हार्ट अटॅक येत नाही.' मूळ अभ्यास आहे, बनावट नाही. मल्होत्रा नावाच्या डॉक्टरांनी १९६७ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांची आकडेवारी मांडली. दक्षिणेतल्या, बियांचं तेल खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त होता. उत्तरेतल्या, दूधतूप खाणाऱ्यांत कमी. पण उदयपूरचा माणूस आणि मद्रासचा माणूस यांच्यात फरक फक्त तेलाचा असतो काय? भात की पोळी, काम कसलं, ऊन किती, सगळंच वेगळं. असल्या अभ्यासातून शंका घ्यावी, निकाल घेऊ नये.

दुसऱ्या बाजूचंही सांगतो, कारण ते माझ्याच मालाविरुद्ध जातं. करडईचं तेल, आमच्याकडं कानडीत कुसुबी म्हणतात ती. काळ्या रानात ज्वारीच्या कडेनं पट्टे धरतात, काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. या तेलात जवळपास तीन चतुर्थांश लिनोलिक, म्हणजे ओमेगा-६. 'हार्टसाठी करडई' हे मी स्वतः पाटीवर लिहिलं होतं. मग सिडनीचा अभ्यास वाचनात आला. १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला लोणीबिणी काढून करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं. त्यातली मृत्यूंची पूर्ण आकडेवारी २०१३ साली पुन्हा काढून तपासली गेली. करडई गटात १७.६ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. कोलेस्टेरॉल मात्र करडईवाल्यांचंच जास्त उतरलं होतं!

मी पाटी पुसली. करडई विकणं बंद केलं नाही, आणि त्याला कारण आहे. तो अभ्यास लहान. मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असावं अशीही शंका आहे. आणि त्यांनी तेल चमचाभर दिलं नव्हतं, ओमेगा-६ भरमसाट वाढवलं होतं, ओमेगा-३ काहीच न वाढवता. असले सगळे प्रयोग एकत्र करून २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा निघाला, ५० हजारांहून जास्त माणसांचा. त्यात निघालं की संपृक्त चरबी निदान दोन वर्षं कमी ठेवली तर हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना मिळून १७ टक्क्यांनी कमी होतात. मृत्यूंवर फारसा फरक दिसला नाही. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीत असतो तेवढा नाही. आणि तूप काढून त्याजागी मैदा, साखर, पांढरा भात वाढवला तर तेवढाही नाही. बेळगावात तूप सोडलं म्हणून कुंद्याची वाटी पुसून खाणारे मी रोज बघतो. कुंद्यात खवा असतो, म्हणजे तूप सोडलेलंही नसतं.

आता तुमच्या ओट्यावर येऊ. तेल कुठलं यापेक्षा किती, हे आधी मोजा. घरात माणसं किती, महिन्याला लिटर किती, एवढंच लागतं. लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅम तेल असतं. गेल्या वर्षी माझं एलडीएल १६८ आलं तेव्हा मी आमचा हिशेब मांडला: पाच माणसं, महिन्याला नऊ लिटर. दिवसाला माणशी ५५ ग्रॅम! बैठं काम असलेल्याला वरून घालायचं तेल-तूप २० ते ३० ग्रॅमच्या आसपास पुरतं. घरचा घाणा, त्यामुळं बाटली संपल्याचं दुःखच कुणाला नव्हतं. बायकोनं डब्यातला मोठा पळा काढून चहाचा चमचा ठेवला. पहिले पंधरा दिवस पोरांनी तोंडं वाकडी केली, झुणका कोरडा लागला. मग सवय झाली. आता साडेपाच लिटर लागतं. गिऱ्हाइकाला हे सांगताना वडील माझ्याकडं बघत बसतात, ते वेगळं.

तूप कितीही नाही, पण अगदी बंदही नको. साध्या चहाच्या चमच्यात, ५ ग्रॅम तुपात, ३ ग्रॅमच्या वर संपृक्त येतं. २००० उष्मांकांच्या आहारात निरोगी माणसाला संपृक्ताची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास, हृदयरोग्याला त्याहून कमी, आणि त्यात दूध, शेंगतेल, नारळ सगळंच आलं. सासऱ्यांना गरम भाकरीवर एक चमचा द्यायचा असेल तर त्या दिवशी खारी, बिस्किटं, बेकरीचा माल नको. त्यात बहुतेक पामतेल, आणि पामतेलात निम्मं संपृक्त. ही अदलाबदल घरात पटते, नुसतं 'नको' म्हणणं पटत नाही. त्यांचं एलडीएल किती आणि गोळ्या कुठल्या, ते बघून डॉक्टर चमच्याचंही बंद करायला सांगतील, तर तसं करा. आणि तेल बदललं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी थांबवू नका. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी थांबवली होती.

जवस चांगलं. त्यातल्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३. शरीर त्यातलं थोडंच माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलतं, म्हणून जवस खाल्लं म्हणजे बांगडा खाल्ला असं नाही. तरी रोज भाकरीसोबत दोन चमचे चटणी खुशाल द्या. जवस हलकं भाजा, आठवड्यापुरतंच कुटा. कुटलेलं जवस लवकर खवटतं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र आपल्या मनानं आणू नका. १९९९ साली इटलीत हृदयविकार झालेल्या ११ हजारांहून जास्त लोकांत या कॅप्सूलनी मृत्यू कमी झाले होते. पुढं अमेरिकेतल्या २५,८७१ निरोगी माणसांच्या चाचणीत, २०१८ मध्ये, मुख्य निकालात फायदा दिसला नाही. आणि मोठ्या डोसानं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, जो सासऱ्यांना परवडणार नाही.

तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा कढईत घालू नका, मग ते माझं असो की रिफाईंड. करडई, सूर्यफूल यांसारखी तेलं सारखी तापली की लवकर बिघडतात. तळायला शेंगतेल त्यापेक्षा टिकतं. स्टँडसमोरच्या मिरची-भज्याच्या कढईतलं काळं तेल तुम्ही बघितलंच असेल. तळणाच्या तेलात बिघाडाचे पदार्थ, म्हणजे पोलर कंपाउंड, २५ टक्क्यांवर गेले की ते फेकायचं, असा २०१८ पासून नियम आहे. त्या कढईला तो कुणी सांगितलेला दिसत नाही.

राहिलं ऑलिव्ह. स्पेनमधल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला, पण तिथं दुसऱ्या एका गटाला तेलाऐवजी रोज मूठभर अक्रोड-बदाम दिले होते, त्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. नणंदेनं आणलेली बाटली भाजीत, कोशिंबिरीवर वापरून संपवा, वाया घालवू नका. पुढच्या वेळी मात्र त्यांना सांगा, येताना अक्रोड आणा.