मराठवाड्यात राहून मंगोल डर्बीसारख्या लांब पल्ल्याच्या घोडेशर्यतीची तयारी कशी करावी?

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय: वय २९, दोन वर्षं पुण्यात रायडिंग शिकले, आता नोकरीमुळे परत लातुरात. पुढच्या ऑगस्टच्या मंगोल डर्बीसाठी अर्ज केलाय. इथं ना क्लब, ना स्वतःचा घोडा. वर्षभरात तयारी होईल का, आणि कुठून सुरू करू?

ताई, होईल. मी अहमदपूर तालुक्यातला. काही वर्षांपूर्वी ही शर्यत पूर्ण करून आलो आणि माझी नव्वद टक्के तयारी लातूर-नांदेड रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या माळांवर झाली. घोडा नाही म्हणून तुम्ही नाउमेद झाल्या आहात, पण या शर्यतीत स्वतःचा घोडा कुणाकडेच नसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मंगोलियाच्या गवताळ माळावर १००० किलोमीटर, जास्तीत जास्त १० दिवस. २००९ पासून ही शर्यत होते. चंगीझ खानाच्या काळात निरोप पोचवायला जी घोडेटपाल होती, तिच्या धर्तीवर साधारण दर ३५-४० किलोमीटरला एक ठाणं. तिथं पशुपालकांचे अर्धरानटी घोडे बांधलेले असतात. आलेला घोडा सोडायचा, नवा निवडायचा, पुढे निघायचं. दिवसाला तीन, कधी चार घोडे. वाट आखलेली नसते, हातात जीपीएस असतो. सकाळी सातच्या आसपास निघायचं, संध्याकाळी सातच्या आसपास थांबायचं, वेळ ओलांडली की दंड.

आता गणित बघा. १००० भागिले १० म्हणजे दिवसाला १००. बारा तासांत १०० किलोमीटर म्हणजे ताशी साडेआठसुद्धा होत नाहीत. चांगली दुडकी आणि मधूनमधून चौखूर धरली तर घोडा ताशी १२-१३ सहज देतो. मग माणसं मागे का पडतात? ठाण्यावर. प्रत्येक ठाण्यावर पशुवैद्य असतो आणि तो घोड्याची नाडी मोजतो. माझ्या वेळी नियम असा होता की पोचल्यापासून अर्ध्या तासात ठोके मिनिटाला ५६ पर्यंत उतरले पाहिजेत. नाही उतरले तर दोन तासांचा दंड. तुम्ही ज्या वर्षी जाल त्या वर्षाचं नियमपुस्तक नीट वाचा, आकडे मागेपुढे होतात.

२०१३ साली काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. अमेरिकेची डेव्हन हॉर्न सगळ्यांच्या आधी शेवटच्या रेषेवर पोचली, पण तपासणीत तिच्या घोड्याची नाडी वेळेत उतरली नाही आणि तिला दंड बसला. मागून आलेली इंग्लंडची लारा प्रायर-पामर विजेती ठरली. वय १९, ही शर्यत जिंकणारी पहिली बाई. २०१९ ला जिंकलेले बॉब लाँग ७० वर्षांचे होते. म्हणजे वय, ताकद यापेक्षा दुसरंच काहीतरी इथं मोजलं जातं, आणि ते म्हणजे खालच्या जनावराच्या दमाची समज. तुमची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती बांधा.

म्हणून आजच एक साधा स्टेथोस्कोप आणा. घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथून तंग (खोगीर बांधायचा पट्टा) जातो तिथंच, चकती आत सरकवायची. आधी काहीच ऐकू येत नाही, पोटातला गडगडाट तेवढा येतो. मग खोलवरून धप्प-धप्प येतं. हे दोन मिळून एक ठोका. मी पहिले आठ दिवस दोन्ही वेगळे मोजत होतो आणि ठाणबंद घोड्याची नाडी ८० बघून घाबरत होतो. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. आरामात उभ्या घोड्याची २८ ते ४४ च्या दरम्यान येईल. मग पाच किलोमीटर दुडकी चालवा, उतरा, मोजा. पाच मिनिटांनी परत, दहा मिनिटांनी परत. सगळं वहीत लिहा. हिरडीवर अंगठा दाबून सोडला की पांढरा डाग किती वेळात गुलाबी होतो ते बघा, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसते का तेही बघा. दोन महिन्यांत तुम्हाला न मोजता, नुसत्या मांड्यांना कळायला लागेल की खालचा घोडा आता ६० वर आहे की ९० वर.

मला हे शिकवलं ते वरातीचे घोडे ठेवणाऱ्या एका चाचांनी. मी वेगाबद्दल विचारायचो आणि ते म्हणायचे, "पैले उसकी कोख देखो, फिर बात करो." घोड्याची कूस भात्यासारखी कशी हलते, लयीत की तुटक, एवढंच ते बघत. शाळा-क्लबातलं काहीही मला तिकडे इतकं उपयोगी पडलं नाही.

तर घोडे तुम्हाला इथंच मिळतील. लातूर, उदगीर, नांदेड, परळी, कुठंही वरातीचे घोडे ठेवणारी घरं आहेत. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. चार महिने ते घोडे बहुतेक दिवस दावणीला उभे असतात आणि मालकाचा चाऱ्याचा खर्च चालूच असतो. तुम्ही जाऊन सरळ सांगा की रोज सकाळी दोन तास फिरवून आणते, खुराकाचे पैसे देते, जखम झाली तर जबाबदारी माझी. मी तीन घरं धरली होती, मिळून आठ घोडे. एकच घोडा रोज मागू नका. मालक म्हणेल ही घोडी तुमच्या हातात बसली आहे, हीच न्या, तरी दुसरा मागा. तिकडे तुम्हाला साधारण २५ अनोळखी घोड्यांवर बसायचं आहे आणि प्रत्येकाशी ओळख व्हायला पाच मिनिटंच मिळणार आहेत. एक तोंडाचा कडक, एक रिकिबीत पाय टाकताच निघणारा, एक कळप सोडून हलायलाच तयार नसणारा. ही सगळी नमुनेदार मंडळी आपल्या वरातीच्या घोड्यांतही सापडतात.

पण एक कळकळीनं सांगतो. हे घोडे बँडपुढे नाचायला तयार झालेले असतात, लांब पळायला नाही. पहिल्याच आठवड्यात २० किलोमीटर काढले तर पाय भरतील आणि एका गरीब माणसाची रोजी बंद पडेल. पाच-सहा किलोमीटर चालीनं सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. पावसाळ्यात काळ्या रानात घालूच नका. चिखलाचे गोळे खुराला बसतात, नाल उपटून निघते, शिरा ताणतात. मुरमाड माळ धरा. अहमदपूरपासून बालाघाटाच्या अंगानं असे माळ भरपूर आहेत, चढ-उतारही मिळतो. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला निघून साडेसातच्या आत परत. घोड्याचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, नुसतं पाणी पाजून भरपाई होत नाही, खुराकात मीठ द्या. आणि नाकातून चिकट पू येणारा घोडा दिसला तर हात लावू नका, पशुवैद्याला कळवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो.

घोडे बघायची नजर तयार करायला मालेगावची यात्रा चुकवू नका. आपलं लोहा तालुक्यातलं, खंडोबाचं मालेगाव. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सुमारास भरते. तिथं घोड्यांच्या रांगाच्या रांगा लागतात. व्यापारी रेवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी चाल दाखवतात, गिऱ्हाईक भोवरे आणि देवमण, म्हणजे केसांच्या शुभ-अशुभ मानलेल्या खुणा बघतं. तुम्ही ते सोडा. तुम्ही पाय बघा, छाती बघा, डोळा बघा, शेजारच्या घोड्याशी वागणं बघा. मी चार दिवस नुसता ठरवत होतो: या रांगेतला कुठला घोडा मला ४० किलोमीटर नेऊन वर शांत उभा राहील? मग व्यापाऱ्याला विनंती करून त्यावर बसायचं आणि अंदाज बरोबर आला का ते बघायचं. पहिल्या दिवशी बहुतेक चुकले. चौथ्या दिवशी बहुतेक बरोबर आले. मंगोलियात ठाण्यावरच्या दोरीला बांधलेल्या घोड्यांसमोर उभा राहिलो तेव्हा मला मालेगावच आठवलं.

मंगोलियाचा घोडा मात्र आपल्यापेक्षा ठेंगणा, आपल्या जुन्या भीमथडी तट्टासारखा काटक. वर्षभर उघड्यावर राहतो, हिवाळ्यात उणे ४० पर्यंत थंडी काढतो. डाव्या बाजूनंच जवळ जायचं, उजवीकडून गेलात तर भडकतो. खिशातून प्लास्टिकचा रेनकोट काढायचा असेल तर आधी उतरा. त्या आवाजानं माझ्यापुढच्या एका स्वाराचा घोडा उधळला आणि सामानासकट दिसेनासा झाला. म्हणून ट्रॅकर, पासपोर्ट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या अंगावर बांधायच्या, खोगिराला नाही. जमिनीत मार्मोट नावाच्या प्राण्याची बिळं असतात. घोडा ती स्वतः चुकवतो. तुम्ही लगाम ओढून त्याची मान अडवली की दोघंही पडता. तिथं हात सैल आणि टाचा खाली.

माझी चूकही सांगतो. चौथ्या दिवशी दुपारी लांबून ठाण्याचे पांढरे तंबू दिसले आणि मी शेवटचे तीन किलोमीटर घोडा भरधाव सोडला. पोचलो तेव्हा आनंदात होतो. अर्धा तास संपला तेव्हा नाडी ६० वर अडकलेली. पशुवैद्यानं कागदावर आकडा लिहिला. ज्याचा तो घोडा होता त्या घरातलं बारा-तेरा वर्षांचं पोरगं माझ्याकडे न बघता घोड्याला सावलीत घेऊन गेलं आणि डब्यानं त्याच्या मानेवर पाणी ओतत राहिलं. दोन तास मी तिथं बसून होतो, आणि त्या पोराच्या पाठीकडे बघवत नव्हतं. त्यानंतर एकही ठाणं मी भरधाव गाठलं नाही. शेवटचे दोन किलोमीटर चालीनं, शेवटची चार-पाचशे पावलं उतरून, तंग दोन भोकं सैल करून घोड्याच्या शेजारून चालत. बहुतेक घोड्यांची नाडी दहा-बारा मिनिटांत उतरायला लागली. हे इथंच अंगवळणी पाडा. रोजची फेरी घराच्या अलीकडे संपवा आणि उरलेलं चालत या.

शरीराचं थोडक्यात. कपड्यांसह वजन ८५ किलोच्या आत लागतं, सोबतचं सामान ५ किलो. तासन्‌तास रिकिबीत अर्धवट उभं राहायचं असतं, म्हणून मांड्या आणि कंबर. बैठका काढाच, शिवाय आईबरोबर खुरपायला जा, तासभर उकिडवं बसण्याइतका दुसरा व्यायाम मला माहीत नाही. जीन्स घालून कधीच लांब बसू नका, गुडघ्याच्या आतल्या शिवणीनं कातडी सोलते आणि दुसऱ्या दिवशी त्याच जखमेवर बसावं लागतं. शिवण नसलेली घट्ट विजार, आणि ती इथंच शंभरदा वापरलेली. शर्यतीत नवं काहीही घालायचं नाही. आधीच्या डिसेंबरपासून महिन्यातून एकदा लागोपाठ तीन दिवस, दिवसाला सहा-सात तास, घोडे बदलून बसा. शरीर पहिल्या दिवशी खोटं बोलतं, तिसऱ्या दिवशी खरं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा.

वाटेचा सरावही इथं होतो. गावापासून वीस किलोमीटरवरचं एखादं देऊळ जीपीएसवर टाका आणि डांबरी सडक न वापरता जा. नाकासमोर गेलात तर नाला आडवा येईल, घळ येईल, कुंपण येईल. वळसा किती घ्यायचा हे नकाशा सांगत नाही, ते चुकूनच समजतं.

थंडीला हलकं समजू नका. आपण ४२ अंशांत वाढलेली माणसं, आपल्याला ऊन कळतं. तिकडे ऑगस्टात दुपारी घाम येतो आणि संध्याकाळी गारा पडतात. भिजलेल्या अंगानं वाऱ्यात चार तास काढले की बोटांना लगाम धरवत नाही. चांगला रेनकोट आणि एक लोकरीचा थर, ५ किलोत बाकी काही कमी करा पण हे नाही. शाकाहारी असाल तर आधी कळवा, तरी मुख्य जेवण मटणाचंच असतं. मी शेंगदाण्याचे लाडू आणि जवसाची चटणी नेली होती. मिठाचा दुधाळ चहा आणि वाळवलेल्या दह्याचे तुकडे मात्र मला आवडले. दिवसभर टिकतात.

पैशांचं घरी आधीच स्पष्ट बोला. प्रवेशशुल्क, विमा, विमान, सगळं धरून दहा लाखांच्या वर जातं. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, एवढ्यात ट्रॅक्टरचा हप्ता फिटला असता. त्यांचं बरोबर होतं. मी दोन वर्षं थांबून आधी हप्ता फेडला आणि मग अर्ज केला.

वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी मालेगावला घोडेबाजारात असतो. या. स्टेथोस्कोप आणा आणि पायात बूट घाला. सकाळी सातला आलात तर ऊन चढायच्या आत दहा घोडे मोजून होतील.